दोन न्यूरॉन काढा

नमस्कार मंडळी. पुढच्या रांगेत जागा आहे, दाराशी उभ्या आहेत त्या ताईंनी आत या बरं, थंडी आहे आणि दार लावलं तर माझा आवाजही मागपर्यंत जाईल. भरताच्या पार्ट्यांचे दिवस चालू आहेत, शेतात वांगी भाजायची सोडून तुम्ही इथे न्यूरॉन ऐकायला आलात याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

पत्रिकेत विषय छापलाय "चेतासंस्था: पेशी आणि रचना", आणि वेळ दिलाय पाऊण तास. पत्रिकेतलं सगळं सांगणार आहे, मेंदू, मणक्यातला मेरुरज्जू, नसा, ऐच्छिक, अनैच्छिक, सगळं. अमळनेरला 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे, मन म्हणजे काय, जाणीव म्हणजे काय यावर या गावात फार मोठी माणसं बोलून गेलीत, त्या वाटेला मी जाणार नाही. मी फिजिशियन, माझा संबंध पेशंटची पापणी उचलली जाते का, बोट हलतंय का, श्वास पुरतोय का एवढ्याशी, आणि चेतासंस्था मला जी काही कळली ती कॉलेजात कमी आणि खाटेशेजारी उभं राहून जास्त कळली.

तर मूळ विषयाला हात घालायच्या आधी माझं एक म्हणणं आहे, ते आज तुमच्यासमोर मांडायचंच असं ठरवून आले. घरातल्या दहावी-बारावीच्या पोरांच्या वह्या उघडून बघा. "चेतापेशीची सुबक आकृती काढून नावे द्या." पोरं खरंच सुबक काढतात हो. पेशीचा मुख्य भाग, आत केंद्रक, त्याला फुटलेल्या बारीक फांद्या म्हणजे डेन्ड्राइट, मग एक लांबच लांब तंतू म्हणजे अ‍ॅक्झॉन, त्यावर मायलिनचं तुटक तुटक आवरण, आणि शेवटी बारीक टोकं. मार्क पैकीच्या पैकी. मी विचारते, बाळा, ही टोकं पुढे कुठे गेली? तर पोरगं माझ्याकडे बघतं, वहीकडे बघतं, कारण टोकं समासाच्या रेघेपाशी जाऊन थांबलेली असतात आणि त्यापुढे काही असतं हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. एकटा न्यूरॉन, म्हणजे एकटी चेतापेशी, काही कामाची नाही. तुम्ही हात हलवता, आईचा आवाज ओळखता, तिखट लागल्यावर पाणी मागता, यातलं काहीही एका पेशीत घडत नाही. म्हणून माझं म्हणणं, एक काढू नका, दोन काढा. आणि दोघांच्या मध्ये फट सोडा, पेन्सिल टेकवू नका. ती फट दाखवली नाही तर मार्क कापा, असं मी शाळेतल्या सर-मॅडमना हात जोडून सांगते, इथे बसलेत काही जण.

का सांगते? कारण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलंय, की मेंदूपासून बोटापर्यंत एक सलग वायर टाकलीय, वरून करंट सोडला की खाली बोट हलतं. दवाखान्यात येणारा प्रत्येक जण असंच बोलतो, "मॅडम, वायर कुठेतरी कट झालीय वाटतं." यात लोकांचा दोष नाही, कारण जगातले भलेभले शास्त्रज्ञ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हेच मानत होते, आणि ते चित्र मोडायला एका माणसाला आयुष्य घालवावं लागलं. ती गोष्ट मला फार आवडते, जरा ऐका.

इटलीत मिलानजवळ आबियातेग्रासो नावाचं गाव, तिथे जुनाट आजारांच्या पेशंटचं एक हॉस्पिटल, आणि तिथे कामिल्लो गॉल्जी नावाचा तरुण डॉक्टर. प्रयोगशाळा वगैरे काही नाही, हॉस्पिटलमधल्या स्वयंपाकघरात सूक्ष्मदर्शक मांडून हा माणूस मेंदूचे तुकडे बघायचा. त्या काळात अडचण अशी की मेंदूचा पातळ काप काचेखाली धरला तर सगळी गिचमीड, एक पेशी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते काही कळत नाही. गॉल्जीने 1873 मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून एक रीत शोधली, आणि तिची गंमत अशी की सगळ्या पेशी रंगत नाहीत, थोड्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या शेंड्यापासून मुळापर्यंत काळ्याभोर. आपल्याकडे कपाशी गच्च वाढली की शेतात झाड वेगळं ओळखू येत नाही ना, तशा शेतात शंभरातलं एखादंच झाड मुळं-फांद्या-बोंडांसकट काळं पडावं आणि बाकीचं सगळं शेत अदृश्य व्हावं, तसं. मग ते एक झाड तुम्हाला पुरतं दिसतं. का थोड्याच पेशी रंगतात याचं पक्कं कारण आजही कोणाला ठाम सांगता येत नाही, पण त्या थोड्यांवर सगळं शास्त्र उभं राहिलं.

आता गॉल्जीने पेशी तर बघितली, पण त्याला वाटलं की हे सगळे तंतू शेवटी एकमेकांत मिसळून एक सलग जाळं होतं. म्हणजे आपली वायरच.

आणि तिकडे स्पेनमध्ये सांतियागो रामोन इ काहाल. या माणसाचं लहानपण असं की आज आपल्या गल्लीत असता तर रोज कोणीतरी तक्रार घेऊन आलं असतं. पोराने घरी तोफ बनवली आणि शेजाऱ्याचं फाटक उडवलं, त्यासाठी कोठडीत बसला. चित्रकार व्हायचं होतं, वडील शरीररचना शिकवणारे, कडक, त्यांनी वळण लागावं म्हणून आधी न्हाव्याकडे ठेवला, मग चांभाराकडे ठेवला. शेवटी बापाने पोराला स्मशानात नेलं, हाडं गोळा केली आणि ती समोर ठेवून चित्रं काढायला लावली, आणि पोरगं तिथे जे रमलं ते डॉक्टर होऊनच बाहेर पडलं. सैन्यात डॉक्टर म्हणून क्युबाला गेला, मलेरियाने खंगून परत आला, आणि नोकरीच्या पैशातून सूक्ष्मदर्शक घेतला. बघा, चित्रकलेचा हात वाया गेला नाही. त्याने काढलेली न्यूरॉनची चित्रं आजही पुस्तकांत छापतात.

1887 मध्ये माद्रिदला एका सहकाऱ्याकडे त्याने गॉल्जीच्या रीतीने रंगवलेले काप बघितले आणि वेडाच झाला. चौदा वर्षं झाली होती त्या रीतीला, फारसं कोणी हात लावत नव्हतं. काहालने डोकं असं चालवलं की मोठ्या प्राण्याच्या मेंदूत गुंता जास्त, तर पिल्लांचा, अंड्यातल्या गर्भाचा मेंदू घेऊ, तिथे मायलिन अजून चढलेलं नसतं, तंतू मोकळे दिसतात. आणि 1888 मध्ये पक्ष्यांच्या लहान मेंदूवर, म्हणजे सेरेबेलमवर, त्याने लिहिलं की मला कुठेही दोन पेशी एकमेकांत मिसळलेल्या दिसत नाहीत. तंतू दुसऱ्या पेशीच्या अगदी जवळ जातो, तिला बिलगतो, आणि थांबतो. प्रत्येक पेशी स्वतंत्र.

कोण ऐकणार? स्पॅनिश भाषेतलं लिखाण जर्मनीत कोणी वाचत नव्हतं. मग 1889 मध्ये हा स्वतःच्या स्लाइड्स घेऊन बर्लिनच्या परिषदेला गेला, मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये एकेकाला बोलावून दाखवायला लागला, बघा हो, एकदा बघून तरी जा. आणि त्या काळातले सर्वांत मोठे नाव, म्हातारे क्योलिकर, त्यांनी डोळा लावला आणि त्यांचं मत बदललं. मला या गोष्टीत सर्वांत जास्त हे भावतं, की वयाची सत्तरी ओलांडलेल्या माणसाने एका अनोळखी पोराच्या स्लाइडवरून आपलं आयुष्यभराचं मत बदललं. दोन वर्षांनी, 1891 मध्ये, वाल्डायर यांनी या पेशीला न्यूरॉन नाव दिलं आणि 1897 मध्ये इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी मधल्या जागेला सिनॅप्स.

आणि 1906 साली नोबेल कोणाला? दोघांना, एकत्र! गॉल्जी आणि काहाल. रीत एकाची, निष्कर्ष दुसऱ्याचा. स्टॉकहोमला 11 डिसेंबरला गॉल्जींनी भाषण केलं आणि त्या भाषणात न्यूरॉनच्या सिद्धांताचीच हजेरी घेतली, म्हणजे शेजारी बसलेल्या माणसाला ज्या कामासाठी बक्षीस मिळालंय तेच चूक आहे म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी काहालने शांतपणे आपले पुरावे मांडले. गॉल्जी 1926 ला गेले, काहाल 1934 ला, आणि ती फट प्रत्यक्ष दिसली 1950 च्या दशकात, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आल्यावर. दोघांपैकी कोणालाच बघायला मिळाली नाही. केवढी असते? एका मिलीमीटरचे पन्नास हजार भाग करा, त्यातला एक भाग, साधारण वीस नॅनोमीटर, आणि नस जिथे स्नायूला भेटते तिथे जरा जास्त. गॉल्जींच्या बाजूनेही एक सांगायला हवं, शरीरात काही ठिकाणी पेशी खरंच थेट जोडलेल्या असतात आणि करंट सरळ जातो. पण बहुतेक ठिकाणी फट आहे, काहाल बरोबर होता.

मग प्रश्न आला की फट आहे तर निरोप पलीकडे जातो कसा? करंट फटीपाशी थांबतो. ऑस्ट्रियात ओटो लोवी नावाच्या प्राध्यापकाला रात्री स्वप्नात प्रयोग सुचला, उठून कागदावर खरडलं, सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री तेच स्वप्न परत पडलं, तेव्हा मात्र हा उठून थेट प्रयोगशाळेत. दोन बेडकांची हृदयं. एकाची व्हेगस नस उत्तेजित केली, ते हळू चालायला लागलं. त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयावर घातलं, ज्याला नस नव्हती, आणि तेही हळू झालं. म्हणजे नसेच्या टोकातून काहीतरी रसायन सुटतंय. ते 1921 मध्ये छापून आलं, ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन ठरलं, 1936 ला हेन्री डेल आणि लोवी यांना नोबेल मिळालं. दोनच वर्षांनी नाझींनी लोवींना तुरुंगात टाकलं आणि नोबेलचे पैसे काढून घेऊनच देशाबाहेर जाऊ दिलं. हे ऐकलं की मला अजून राग येतो.

घड्याळाकडे बघू नका हो सर, मला दिसतंय. पण आता खानदेशात यायचंय, आणि हे मी गाळणार नाही.

मी तालुक्याच्या ठिकाणी नोकरीला होते तेव्हाची गोष्ट. पोळ्याच्या आसपासचे दिवस. एक तरणाबांड पोरगा, रात्रीची लाइट होती म्हणून केळीला पाणी द्यायला मळ्यात गेलेला, मोटर चालू करून तिथेच सतरंजी टाकून झोपला. पहाटे घरी आला तो पोट दुखतंय म्हणत. घरच्यांनी लिंबू-सोडा दिला. थोड्या वेळाने म्हणायला लागला झोप येतेय, डोळे उघडत नाहीत. मग गिळता येईना, आवाज जड. आमच्याकडे आणला तोवर पापण्या पूर्ण मिटलेल्या, मान टाकलेली, छाती अगदी वरवर हलत होती. आई एकच वाक्य धरून बसली होती, "मना पोऱ्याले काय व्हयनं वं बाई?" अंगावर चावल्याची खूण शोधली, सापडली नाही म्हटलं तरी चालेल. दुखलंच नव्हतं त्याला रात्री काही. पावसाळा, जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटदुखी, मिटलेल्या पापण्या, एवढं जुळलं की आमच्या भागातल्या डॉक्टरच्या तोंडून एकच नाव निघतं, मण्यार.

तोंडात नळी घातली, अ‍ॅम्बू बॅग लावली, सर्पविषावरची लस सुरू केली. व्हेंटिलेटर आमच्याकडे नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये घातला आणि वाटेत पाळीपाळीने बॅग दाबत नेला, त्याचा चुलता, मी, सिस्टर, हात भरून यायचा, दुसरा घ्यायचा. एका ठिकाणी नेला, नाव घेत नाही, तिथे टॉर्च मारून डोळे बघितले, बाहुल्या मोठ्या, उजेडाला हलत नाहीत, आणि पोराच्या उशाशी उभं राहून मोठ्याने सांगितलं की यात आता काही उरलं नाही, घरी न्या. चुलता रडायला लागला. नातेवाइकांत बोलणं सुरू झालं, कोणाला कळवायचं, गाडी कुठून करायची. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, दादा, ऐकू येत असेल तर पायाचा अंगठा हलव. बघत राहिलो सगळे. आणि अंगठा हलला. किंचित, नखाएवढा, पण हलला. परत सांगितलं, परत हलला. त्या क्षणी खोलीत जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. पुढच्या हॉस्पिटलात व्हेंटिलेटर मिळाला, बरेच दिवस मशीनवर होता, आणि चालत घरी गेला.

नंतर भेटायला आला तेव्हा त्याने सगळं जसंच्या तसं सांगितलं. कोण काय बोललं, कोण रडलं, सुया टोचलेल्या कशा दुखत होत्या. चुलता गाडीत कोणाला तरी म्हणाला होता की याची मोटारसायकल आता कोण वापरणार, तर शुद्धीवर आल्यावर, म्हणजे आपण ज्याला शुद्धीवर म्हणतो तसं आल्यावर, नळी काढल्यावर याने पहिली मागितली ती मोटारसायकलची चावी! हसा, तोही हसला, चुलताही हसला. पण त्या पोराने ते तास कसे काढले असतील याचा विचार करा. सगळं ऐकतोय, सगळं कळतंय, आणि मी जिवंत आहे एवढं सांगायला एक पापणी उचलता येत नाही.

आता मला सांगा, त्याच्या शरीरात बिघडलं काय होतं? मेंदू शाबूत, कारण मण्यारीचं विष मेंदूत शिरतच नाही. मेरुरज्जू शाबूत. नसा शाबूत, त्यांतून करंट शेवटच्या टोकापर्यंत येतोय. स्नायू शाबूत. टोचलेलं कळत होतं म्हणजे बाहेरून आत जाणारा रस्ताही शाबूत. वायरचं चित्र डोक्यात धरलं तर हा माणूस समजणारच नाही, कारण कुठेच काही कट झालेलं नाही. बंद पडली होती फक्त नसेचं टोक आणि स्नायू यांच्यामधली ती फट. नसेच्या टोकात अ‍ॅसिटिलकोलीनने भरलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात, करंट आला की कॅल्शियम आत शिरतं, पिशव्या फटीच्या बाजूला उघडतात, रसायन पलीकडे स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे ते पकडणाऱ्या जागेला, लागतं आणि स्नायू आकसतो. मण्यारीच्या विषातला एक घटक नसेच्या टोकातच घुसून ह्या पिशव्या संपवतो आणि टोक खराब करतो. म्हणून लस दिली तरी झालेलं नुकसान लगेच भरून येत नाही, लस फक्त रक्तात फिरणारं विष पकडते. टोक परत उगवावं लागतं, आणि ते उगवतं, तोपर्यंत श्वास मशीनने चालू ठेवायचा एवढंच आपल्या हातात. या घटकाचा छडा 1963 मध्ये तैवानच्या चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीवरून लावला. नागाचं वेगळं, त्याच्या विषातला भाग फटीच्या पलीकडे, स्नायूच्या रिसेप्टरवर जाऊन बसतो आणि अ‍ॅसिटिलकोलीनला जागा देत नाही.

आणि आता फवारणी. आपल्या कपाशीवर मारतात त्यातली ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची औषधं, पूर्वी मारायचे ते मोनोक्रोटोफॉस त्यातलंच, ती याच फटीत काम करतात, पण उलट्या बाजूने. अ‍ॅसिटिलकोलीनने निरोप दिला की ते लगेच मोडून टाकायला फटीत एक एन्झाइम बसलेलं असतं, कोलीनएस्टरेज, एक रेणू सेकंदाला हजारो अ‍ॅसिटिलकोलीन मोडतो, इतकं वेगवान. फवारा त्याला बंद पाडतो. मग रसायन साचतं आणि निरोप थांबतच नाही. तोंडाला फेस, घामाच्या धारा, डोळ्यांतून पाणी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचे स्नायू कातडीखाली फडफडताना दिसतात, आणि शेवटी तेही दमून थांबतात, श्वाससुद्धा. किड्याला मारायला हेच करायचं असतं, फट त्याचीही तीच आणि माणसाचीही तीच. 2017 ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले ते आठवत असेल. आपल्याकडेही भर उन्हात, वाऱ्याच्या तोंडाला, उघड्या अंगाने, हाताने ढवळून फवारा तयार करणारी माणसं मी दर हंगामात बघते, आणि प्रत्येकाला थांबवून सांगते.

आता बघा, नाग चावलेल्याला आम्ही निओस्टिग्मिन देतो. ते काय करतं? तेच एन्झाइम थोडा वेळ बंद करतं, म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन वाढतं आणि नागाच्या विषाला रिसेप्टरवरून रेटतं, पापणी डोळ्यांदेखत उघडायला लागते. जो परिणाम कपाशीत माणूस मारतो तोच मोजून दिला तर औषध. मण्यारीला मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, टोकातून रसायन सुटतच नाही तर वाढणार काय? फट कुठे बंद झाली, अलीकडे का पलीकडे, हे कळल्याशिवाय हे डोक्यात शिरतच नाही, म्हणून मी दोन न्यूरॉन काढा म्हणून मागे लागते.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं. बरं, पत्रिकेतलं आता पळत पळत घेते.

पेशी. माणसाच्या मेंदूत साधारण 8600 कोटी न्यूरॉन, आणि त्यातले बहुतेक, पाचातले चार, मागच्या लहान मेंदूत, हे ऐकून डॉक्टरसुद्धा चमकतात. न्यूरॉन तीन कामांचे, आत खबर नेणारे, बाहेर हुकूम नेणारे, आणि दोघांच्या मधले, संख्येने हे मधलेच जास्त. एका न्यूरॉनवर हजारो सिनॅप्स असतात, लहान मेंदूतल्या पर्किन्जे पेशीवर तर लाखाच्या वर. पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा सत्तर मिलीव्होल्ट कमी विद्युतदाब, सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणारा पंप तो राखतो, निरोप निघाला की सोडियम झपकन आत शिरतं आणि ती लाट अ‍ॅक्झॉनभर पुढे सरकते.

दुसऱ्या पेशी ग्लिया. पूर्वी सांगायचे न्यूरॉनच्या दहापट, तसं नाही, जवळपास तितक्याच आहेत. अ‍ॅस्ट्रोसाइट रसद आणि साफसफाई बघतात, मायक्रोग्लिया जंतू आणि कचरा खातात, मायलिन चढवायला मेंदू-मेरुरज्जूत ऑलिगोडेन्ड्रोसाइट आणि बाहेरच्या नसांत श्वान पेशी. मायलिन असलेल्या जाड तंतूत निरोप सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो, नसलेल्या बारीक तंतूत एक-दोन मीटरसुद्धा मुश्किलीने, म्हणून ठेच लागली की आधी लागल्याचं कळतं आणि कळ नंतर येते. 2025 च्या जानेवारीत पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गिलान-बारे सिंड्रोमचे, पेशंट एकदम वाढले तो आजार बाहेरच्या नसांचा, बऱ्याच जणांत मायलिनचाच. कुष्ठरोगाचा जंतू या श्वान पेशीतच घर करतो, तो नॉर्वेच्या हॅन्सन यांना सापडला 1873 ला, गॉल्जीच्याच वर्षी. अंगावर फिकट चट्टा असेल आणि तिथे टोचलेलं कळत नसेल तर लाज बाळगू नका, लगेच दाखवा, औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो.

रचना. मेंदू आणि मेरुरज्जू मिळून मध्यवर्ती, त्यातून निघणाऱ्या नसा म्हणजे परिघीय. मेंदूतून बारा जोड्या, मेरुरज्जूतून एकतीस. मेरुरज्जू कमरेपर्यंत येत नाही, बरगड्या संपतात त्याच्या जरा खालीच थांबतो, त्यामुळे कमरेतून पाणी काढलं तर माणूस लुळा पडतो ही भीती सोडा, सुई त्याच्या खालून जाते. बाहेर जाणाऱ्या नसांचे दोन भाग, ऐच्छिक म्हणजे हातापायांचे स्नायू, आणि स्वायत्त म्हणजे हृदय, आतडी, घाम, लाळ, बाहुली. स्वायत्तचे परत दोन, सिम्पथेटिक धावपळीला, पॅरासिम्पथेटिक विसाव्याला, आणि आतड्यांच्या भिंतीत तर स्वतःचं वेगळं जाळं आहे, कोट्यवधी न्यूरॉनचं. विंचू चावल्यावर सिम्पथेटिकचं वादळ उठतं, हृदय कोलमडतं, त्यावर महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन वापरून दाखवलं, कोकणातली आणि आपल्याकडची किती माणसं वाचली, 2022 ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मला घरातलं कोणी निवडल्यासारखा आनंद झाला.

आणि फवारणीच्या पेशंटला अ‍ॅट्रोपिन देतो तेव्हा लाळ थांबते, छातीतलं पाणी कमी होतं, नाडी वाढते, पण हातापायांची ताकद परत येत नाही, कारण अ‍ॅट्रोपिन फक्त स्वायत्त बाजूच्या रिसेप्टरवर बसतं, ऐच्छिक स्नायूवरचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा. रसायन एकच, अ‍ॅसिटिलकोलीन, घेणारे दोन. पेशंट कोरडा दिसायला लागला म्हणून निर्धास्त होऊन घरी नेऊ नका, दोन-चार दिवसांनी मान आणि श्वासाचे स्नायू गळू शकतात, डॉक्टर सोडतील तेव्हाच न्या. अ‍ॅट्रोपिन मिळतं धोतऱ्याच्या कुळातून, पण म्हणून धोतरा कुटून कोणाला पाजू नका, माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जातो.

साप चावला तर चिरा नको, चोखणं नको, करकचून दोरी नको, तो भाग हलवू न देता झोपवून 108 ला फोन, आणि पहिला प्रश्न विचारायचा की तिथे लस आणि व्हेंटिलेटर दोन्ही आहे का. मळ्यात झोपायचंच असेल तर खाटेवर, मच्छरदाणी खोचून. आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटच्या उशाशी जपून बोला, त्याच्याशी बोला, काय करतोय ते त्याला सांगा.

वेळ संपली ना? मागे चष्मेवाल्या भाऊंचा हात केव्हाचा वर आहे. विचारा, काय विचारायचंय?